चार बारांची एक चाल आणि पियानोची प्राथमिक थिअरी

पियानोच्या थिअरीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊन शेवटापर्यंत पोचलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. पाच रेघा, त्यांवर टांगलेली काळी-पांढरी अंडी, मग इटालियन शब्दांची यादी, आणि इथेच पुस्तक कपाटात जातं. दोष विद्यार्थ्याचा नसतो. हात पट्ट्यांवर नसताना ‘मेजर थर्ड’ पाठ करणं म्हणजे आमटी न चाखता तिची कृती घोकणं.

म्हणून मी उलट्या बाजूने शिकवते. आधी एक छोटी चाल हातात देते आणि मग तिच्याच पोटातून एकेक संज्ञा बाहेर काढते. माझ्याकडे येणारे बरेच जण पेटी वाजवून आलेले असतात, त्यामुळे हा लेखही त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सरगमशी कधी गाठ पडली नसेल तरी अडणार नाही, अक्षरं वाचून वाजवा.

चाल अशी:

सा ग प ग | म ध प – | म रे ऩि रे | सा – – –

आणि हीच पियानोच्या भाषेत:

सी ई जी ई | एफ ए जी – | एफ डी बी डी | सी – – –

ऩि म्हणजे मंद्र सप्तकातला, सुरुवातीच्या सा-च्या लगेच खालचा नि. आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर तितकाच लांबवायचा. चाल मीच जुळवलेली आहे. मोठं काही नाही, पण तिच्यात हवं ते सगळं आहे.

आधी पट्ट्या

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा झुबक्यांनी येतात. दोनच्या झुबक्याच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी ती सी. तीनच्या झुबक्याच्या लगेच डावीकडची ती एफ. या दोन पट्ट्या डोळे मिटून सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. बाकीच्या आपोआप कळतात: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी, आणि पुन्हा सी.

पेटीवाल्यांना हे सोपं जातं, कारण ‘पांढरी एक’ म्हणजेच सी. पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प.

आपली चाल ‘मिडल सी’पासून सुरू होते. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर डावीकडून चौथा सी, आणि घरोघरी असतो त्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर तिसरा. उजव्या हाताचा अंगठा त्यावर ठेवा. बोटांना आकडे असतात: दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. (तबलजी किंवा सतारवाले तर्जनीला पहिलं बोट म्हणतात, ती सवय इथे सोडा.) बोटं अशी: १ २ ४ २ | ३ ५ ४ | ३ २ १ ३ | २. तिसऱ्या बारात, म्हणजे उभ्या रेघांमधल्या तिसऱ्या कप्प्यात, हात किंचित डावीकडे पसरतो, अंगठा बी-वर जातो आणि शेवटचा सी दुसऱ्या बोटाने येतो. बोटांचा क्रम एकदा ठरला की बदलू नका. स्मरण बोटांतही असतं.

आता पेटीवाल्यांची पहिली ठेच. सा कुठेही बसतो. गायक म्हणाला ‘काळी एक’, की सा तिथे. सी मात्र हलत नाही, ते एका पट्टीचं कायमचं नाव आहे. सा हे नातं आहे आणि सी हा पत्ता. गंमत म्हणजे मराठीत ‘पट्टी’ म्हणजे बोटाखालची फळीही आणि ‘कुठल्या पट्टीत गाता?’ यातली पट्टीही. इंग्रजीतल्या ‘की’ या शब्दालाही नेमके हेच दोन अर्थ आहेत. पियानोच्या वर्गात ‘की’ ऐकलं की कुठली पट्टी चालली आहे ते संदर्भावरून ओळखायचं.

दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर, मधे काळी-पांढरी काहीही न गाळता, म्हणजे सेमिटोन. दोन सेमिटोन मिळून एक टोन. सी ते डी एक टोन, कारण मधे काळी पट्टी आहे. ई ते एफ आणि बी ते सी मात्र सेमिटोन, कारण तिथे मधे काहीच नाही. थिअरीतले निम्मे गोंधळ या दोन जागा विसरल्यामुळे होतात.

शार्प म्हणजे त्या अक्षराच्या उजवीकडची लगतची पट्टी, फ्लॅट म्हणजे डावीकडची. ‘शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल’ असं बरेच जण सांगतात. ते अर्धसत्य आहे आणि पुढे चांगलंच महागात पडतं. कोमल-तीव्र हे सा-च्या हिशेबाने ठरतं, शार्प-फ्लॅट अक्षराच्या हिशेबाने. सा डी-वर धरलात तर शुद्ध गंधार एफ शार्पवर येतो: नाव शार्प, स्वर शुद्ध. शिवाय शार्प म्हणजे काळीच पट्टी असंही नाही. ई शार्प ही एफ-चीच पांढरी पट्टी.

कागदावरच्या पाच रेघा

रेघा खालून वर मोजतात. सुरुवातीला जी वेलांटीदार खूण असते ती ट्रेबल क्लेफ. तिचं वेटोळं दुसऱ्या रेघेभोवती फिरतं आणि सांगतं की ही रेघ म्हणजे जी, मिडल सी-च्या वरचा. बेस क्लेफचे दोन ठिपके चौथ्या रेघेच्या वर-खाली बसतात आणि सांगतात की ही एफ, मिडल सी-च्या खालची. पियानोचं स्वरलेखन या दोन्ही मांडण्या एकाखाली एक जोडून केलेलं असतं. वरची बहुधा उजव्या हाताची, खालची डाव्याची. मिडल सी दोन्हींच्या मधे, एका तोकड्या जादा रेघेवर असतो. तिला लेजर लाइन म्हणतात.

रेघांची नावं लक्षात ठेवायला इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतात. मला ती आवडत नाहीत. वाजवताना मनात वाक्य म्हणत रेघा मोजायच्या, तोवर ताल केव्हाच पुढे गेलेला असतो. त्याऐवजी तीन खांब पक्के करा: मिडल सी, ट्रेबलचा जी, बेसचा एफ. बाकीचे स्वर या खांबांपासून किती पायऱ्या वर किंवा खाली आहेत ते पाहून वाचा. रेघेवरून लगतच्या मोकळ्या जागेवर गेलं की एक पायरी.

आपली चाल कोऱ्या कागदावर लिहून पाहा. सी लेजर लाइनवर. ई पहिल्या रेघेवर, जी दुसऱ्या रेघेवर, पुन्हा ई. एफ पहिल्या मोकळ्या जागेत, ए दुसऱ्या मोकळ्या जागेत, मग जी. तिसऱ्या बारात एफ, मग पहिल्या रेघेखाली लोंबणारा डी, लेजर लाइनच्याही खाली लोंबणारा बी, परत डी. सी ई जी ई हे सगळे रेघांवरचेच आहेत हे पाहिलंत? लागोपाठच्या रेघा म्हणजे एकाआड एक स्वर. कागदावरचा आकार आणि बोटांचा आकार सारखाच असतो. वाचन याच आकारांवर चालतं, स्वतंत्र अक्षरांवर नाही.

ठिपक्यांबद्दल एक इशारा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पाश्चात्त्य लेखनात नोटच्या वर किंवा खाली टिंब म्हणजे स्टॅकाटो, स्वर तोडून वाजवायचा. आणि नोटच्या उजव्या बाजूला टिंब म्हणजे तिची लांबी दीडपट. एकच ठिपका, तीन जागा, तीन अर्थ. गायन शिकलेली एक विद्यार्थिनी महिनाभर प्रत्येक स्टॅकाटो एक सप्तक वर वाजवत होती, आणि मला वाटत होतं तिला तो आवाज आवडतो.

हे वाचन कशाला, कानाने येतं की, असं विचारणाऱ्यांना मी गोव्याकडे बोट दाखवते. पोर्तुगीज काळापासून तिथे चर्चच्या शाळांमधून सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकवत. पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोवेकर इतके मोलाचे ठरले ते यामुळेच. संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल ते कागदावर उतरवत, आणि मोठा वाद्यवृंद ती समोर ठेवून वाजवू शके.

लय आणि ताल

उभ्या रेघांनी तुटलेला एकेक कप्पा म्हणजे बार. (प्रौढ विद्यार्थी पहिल्यांदा ऐकताना हसतात, हसू द्यावं.) सुरुवातीला ४/४ लिहिलेलं असेल तर वरचा आकडा सांगतो बारात किती मात्रा, खालचा सांगतो कुठली नोट एक मात्रेची धरायची. खाली ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर, २ म्हणजे मिनिम. हा अपूर्णांक नाही. चार भागिले चार बरोबर एक असं मला एका इंजिनिअरने समजावून सांगितलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

काळं अंडं आणि काडी म्हणजे क्रॉचेट, इथे एक मात्रा. पोकळ अंडं आणि काडी म्हणजे मिनिम, दोन मात्रा. काडीच नसलेलं पोकळ अंडं म्हणजे सेमिब्रीव्ह, चार मात्रा. क्रॉचेटच्या काडीला शेपूट लावलं की क्वेव्हर, अर्धी मात्रा. ही ब्रिटिश नावं आहेत. अमेरिकन पुस्तकांत आणि यूट्यूबवर याच नोटांना अनुक्रमे क्वार्टर, हाफ, होल आणि एट्थ नोट म्हणतात. प्रत्येकीची स्वतःची विरामखूण असते, तिच्यात तितकाच वेळ गप्प बसायचं. गप्प बसणंही मोजायचं असतं.

आपल्या चालीत पहिल्या आणि तिसऱ्या बारात चार-चार क्रॉचेट, दुसऱ्यात दोन क्रॉचेट आणि एक मिनिम, चौथ्यात एक सेमिब्रीव्ह. चार बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे सोळा. तुमच्या लक्षात आलंच असेल: त्रितालाचं एक आवर्तन. बारची उभी रेघ ही विभागाच्या रेघेसारखीच आहे. पण ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हलका सोडलेला विभाग, ही वस्तू इथे नाही. प्रत्येक बारची पहिली मात्रा जरा वजनदार, तिसरी थोडी कमी, एवढाच भेद. त्रिताल अंगात मुरलेले लोक तिसऱ्या बारावर नकळत हलके होतात. आमच्या चालीत नेमका तिथेच ताण हवा असतो, म्हणून सुरुवातीला मोठ्याने ‘एक दोन तीन चार’ मोजत वाजवा.

आता तिसरा बार जरा बदलू. एफ दीड मात्रेचा करा, म्हणजे टिंब लावलेला क्रॉचेट. डी अर्ध्या मात्रेचा. बी आणि डी होते तसे. मोजायचं ‘एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्’, आणि पहिला डी पडतो दुसऱ्या ‘अन्’वर. हात थांबवा, आधी टाळी देऊन म्हणा, मग वाजवा. एवढ्या एका बदलाने चाल बोलायला लागते.

३/४ आणि ६/८ यांत फरक काय, हा परीक्षेतला लाडका प्रश्न. दोन्हींत सहा क्वेव्हर मावतात. ३/४ मध्ये ते दोन-दोन-दोन असे पडतात, ६/८ मध्ये तीन-तीन असे. ६/८ म्हणजे चालीला दादऱ्याचा झोका: धा धी ना, धा ती ना. एक ते सहा म्हणत आधी एक आणि चारवर जोर द्या, मग एक, तीन, पाचवर. फरक शरीरात उतरेल, पाठ करावा लागणार नाही.

मेट्रोनोमबद्दल, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिकणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. योहान मेल्त्सेलने त्याचं पेटंट १८१५ साली घेतलं, आणि बेटोव्हेन हा तो गंभीरपणे वापरणारा पहिला मोठा रचनाकार. स्वरलेखनाच्या डोक्यावर क्रॉचेट = ७२ असं असेल तर मिनिटाला ७२ मात्रा. सरावात मात्र ५० वरून सुरू करा. चूक न होता सलग तीनदा वाजलं की चारने वाढवा.

स्केल, आणि चाल दुसऱ्या पट्टीत नेणं

मेजर स्केल म्हणजे टोन टोन सेमिटोन, टोन टोन टोन सेमिटोन. सी-पासून हे मोजा, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या येतात. आपल्याकडच्या भाषेत हा बिलावल थाट. आता सा डी-वर न्या आणि तेच अंतर मोजा: डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी. आपली चाल होते:

डी एफ♯ ए एफ♯ | जी बी ए – | जी ई सी♯ ई | डी – – –

याला ट्रान्सपोझ करणं म्हणतात. पेटीवर तुम्ही हे रोज करता, फक्त नाव ऐकलेलं नसतं.

एफ शार्पलाच जी फ्लॅट का म्हणू नये? पट्टी तर एकच. कारण सरळ आहे: स्केलमध्ये सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत. जी फ्लॅट म्हटलंत तर जी दोनदा येईल आणि एफ गायब. आरोहात दोन मध्यम लिहायचे आणि गंधार लिहायचाच नाही, तसंच हे.

प्रत्येक एफ-पुढे शार्प काढत बसण्याऐवजी ते ओळीच्या सुरुवातीलाच एकदा लिहून टाकतात, ती की सिग्नेचर. ते दोन-चार शार्प कुठल्या क्रमाने येतात हे बहुतेक जण घोकतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. घोकायला हरकत नाही, पण त्यामागचं कारण आपल्या माणसांना जास्त लवकर कळतं. सी मेजरमधल्या प-ला, म्हणजे जी-ला, नवा सा करा. जुन्या सप्तकातला म तीव्र करावा लागतो, एफचा एफ शार्प होतो, आणि तोच नव्या सप्तकाचा शुद्ध नि बनतो. पुन्हा नव्या प-ला, म्हणजे डी-ला, सा करा. पुन्हा जुना म तीव्र, म्हणजे सी शार्प. षड्ज-पंचमाच्या या साखळीलाच सर्कल ऑफ फिफ्थ्स म्हणतात. उलट दिशेने गेलात, म्हणजे म-ला सा केलंत, तर जुना नि कोमल होऊन नवा म बनतो. ती फ्लॅटची वाट, तिचा क्रम उलटा: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ.

यातूनच पट्टी ओळखायची युक्ती निघते. शार्प असतील तर शेवटचा शार्प म्हणजे नि. त्याच्या एक सेमिटोन वर सा. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच सा. फ्लॅट एकच असेल तर एफ मेजर, एवढं पाठ करा.

आपली चाल सी, जी, डी, एफ या चार पट्ट्यांत वाजवता आली की हा भाग झाला. जी-मध्ये तिसऱ्या बारात एफ शार्प विसराल. सगळेच विसरतात.

इंटर्व्हल आणि कॉर्ड

दोन स्वरांतल्या अंतराला इंटर्व्हल म्हणतात. मोजताना दोन्ही टोकं धरायची: सी, डी, ई म्हणजे थर्ड. सी ते जी फिफ्थ. मग जात पाहायची: चार सेमिटोनचा थर्ड मेजर, तीनचा मायनर. सात सेमिटोनचा फिफ्थ तो परफेक्ट, म्हणजे सा-प, तंबोऱ्याचं अंतर. पाचचा फोर्थ परफेक्ट, म्हणजे सा-म. बाराचा ऑक्टेव्ह.

चालीतच पाहा. सी-ई मेजर थर्ड, ई-जी मायनर थर्ड. मेजर पट्टीतल्या चालीतही मायनर थर्ड असतो, ‘मायनर म्हणजे दुःखी’ एवढ्यावर ते भागत नाही. तिसऱ्या बारात एफ-डी-बी असे दोन मायनर थर्ड उतरतात. तीन अधिक तीन, सहा सेमिटोन. बी ते एफ हा डिमिनिश्ड फिफ्थ, अख्ख्या चालीतला सर्वांत अस्वस्थ तुकडा. तो का अस्वस्थ आहे हे कॉर्डमध्ये कळेल.

एक स्वर गाळून पुढचा असे तीन स्वर एकावर एक ठेवले की ट्रायड होतो. चार आणि तीन सेमिटोन म्हणजे मेजर: सी ई जी. तीन आणि चार म्हणजे मायनर. तीन आणि तीन डिमिनिश्ड, चार आणि चार ऑगमेंटेड. आपलं संगीत एका षड्जाच्या आधारावर स्वर फिरवतं. इथे जमीनच पायाखालून सरकत राहते, आणि ते ऐकायची सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला सा, म आणि प यांच्यावर उभे राहणारे तीन कॉर्ड पुरे. रोमन आकड्यांत त्यांना पहिला, चौथा, पाचवा लिहितात. सी-मध्ये ते सी, एफ आणि जी. जी-वर आणखी एक थर्ड ठेवला की जी सेव्हन: जी बी डी एफ.

डाव्या हाताला हे तिन्ही जवळजवळ एकाच जागी बसतात. मिडल सी-च्या खालच्या सी-वर करंगळी ठेवा.

सी कॉर्ड: सी ई जी (बोटं ५ ३ १)
एफ कॉर्ड: सी एफ ए (५ २ १)
जी सेव्हन: बी एफ जी (५ २ १)

एफ कॉर्डमध्ये एफ सर्वांत खाली नाही, कॉर्ड उलथवला आहे. याला इन्व्हर्जन म्हणतात. जी सेव्हनमधला डी गाळला आहे, कानाला तो फारसा कमी पडत नाही. आता चालीखाली ठेवा: पहिल्या बारभर सी, दुसऱ्यात दोन मात्रा एफ आणि दोन मात्रा सी, तिसऱ्या बारभर जी सेव्हन, चौथ्यात सी. जमल्यावर हेच कॉर्ड बेस क्लेफमध्ये लिहून पाहा. सी ई जी तीन सलग मोकळ्या जागांत येतात, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या.

जी सेव्हनवरून सी-वर जाताना बोटं हळू हलवा आणि पाहा. बी एक सेमिटोन वर सी-वर जातो, एफ एक सेमिटोन खाली ई-वर, जी जागचा हलत नाही. तो अस्वस्थ बी-एफ दोन्ही बाजूंनी मिटतो आणि कान म्हणतो: आलं घर. ही परफेक्ट केडन्स, संगीतातला पूर्णविराम. ओळ जी-वरच थांबली तर इम्परफेक्ट, स्वल्पविराम. एफ-वरून सी-वर येणं म्हणजे प्लेगल, चर्चमधलं ‘आमेन’ ऐकलं असेल तर तेच.

जाता जाता: तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला पियानोचा गंधार किंचित चढा वाटेल. तो असतोच चढा, सुमारे १४ सेंट, म्हणजे एका सेमिटोनचा सातवा हिस्सा. सप्तकाचे बारा समान तुकडे केल्याची ती किंमत आहे. १९४० ते १९७१ ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती, त्यामागच्या आक्षेपांत असे पक्के बांधलेले सूरही होते. पियानोवर मात्र त्यामुळेच (बारा मेजर, बारा मायनर अशा) चोवीसही पट्ट्यांत सारख्याच सुरेलपणे, किंवा सारख्याच बेसूरपणे म्हणा, वाजवता येतं.

मायनर: दोन स्वर उतरवा

चालीतला ग आणि ध कोमल करा.

सी ई♭ जी ई♭ | एफ ए♭ जी – | एफ डी बी डी | सी – – –

डाव्या हातात सी मायनर (सी ई♭ जी), एफ मायनर (सी एफ ए♭), आणि जी सेव्हन जसाच्या तसा. हे झालं सी हार्मोनिक मायनर, स्वरांनी आपला कीरवाणी. वाजवा आणि मग तिसऱ्या बारातला बी-सुद्धा फ्लॅट करून पाहा. आता स्वर आसावरी थाटाचे झाले, म्हणजे नॅचरल मायनर. पण सा-कडची ओढ गेली. शुद्ध नि सा-च्या दाराशी उभा असतो, कोमल नि एक टोन लांब. म्हणून मायनरमध्येही नि बहुधा चढवून घेतात. मेलडिक मायनर हा तिसरा प्रकार चढताना ध आणि नि दोन्ही शुद्ध ठेवतो, उतरताना कोमल. तो स्केलच्या सरावात भेटेल, आत्ता सोडा.

लेखनात इथे एक पेच आहे. सी मायनरच्या की सिग्नेचरमध्ये तीन फ्लॅट असतात: बी, ई, ए. मग आपला शुद्ध बी कसा लिहायचा? त्याच्या आधी नॅचरलची खूण काढून. अशी मधेच आलेली खूण, ॲक्सिडेंटल, त्याच बारच्या शेवटापर्यंत चालते, आणि उभी रेघ आली की संपते. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात असा माझा अनुभव आहे.

तेच तीन फ्लॅट ई फ्लॅट मेजरचेही. अशा जोडीला रिलेटिव्ह मेजर-मायनर म्हणतात. स्वर तेच, सा-ची जागा वेगळी. मूर्च्छना ठाऊक असेल तर अधिक सांगायला नको.

इटालियन शब्द आणि हाताचं वजन

फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवलं, तेव्हा त्याची ओळखच ‘पियानो ए फोर्ते’ म्हणजे हळू आणि मोठ्याने वाजणारं अशी होती. आधीच्या हार्पसिकॉर्डवर बोटाच्या जोराने आवाज कमी-जास्त होत नसे. पेटीवरही होत नाही. तिथे भाता सगळे स्वर एकदमच फुगवतो. पियानोवर एकाच क्षणी उजवा हात मोठा आणि डावा हळू ठेवता येतो, आणि पेटीवाल्यांना सर्वांत जास्त झगडावं लागतं ते इथेच. चाल वाजवताना डाव्या हाताने पट्ट्या नुसत्या स्पर्शून पाहा, आवाज न काढता. मग जेमतेम आवाज येईल एवढंच दाबा.

पी म्हणजे पियानो, हळू. एफ म्हणजे फोर्ते. दोन्हींच्या आधी एम लागला की मेत्सो, मध्यम. क्रेशेंदो वाढत जाणं, दिमिन्युएंदो उतरत जाणं. लेगातो म्हणजे स्वर जोडून. अंदान्ते चालण्याच्या वेगाने, अलेग्रो जलद, अदाज्यो संथ. रितार्दांदो म्हणजे हळूहळू मंदावत जाणं, ‘आ तेम्पो’ म्हणजे पुन्हा मूळ लयीवर. दा कापो अल फीने: पुन्हा पहिल्यापासून, ‘फीने’ लिहिलं आहे तिथपर्यंत. आपल्या चालीवर स्वतः पेन्सिलने लिहा: सुरुवातीला अंदान्ते आणि पी, पहिल्या बारातून दुसऱ्यात क्रेशेंदो, तिसऱ्यात किंचित रितार्दांदो. लिहिलेला शब्द विसरत नाही.

उजवं पेडल दाबलं की तारा मोकळ्या राहतात आणि आवाज रेंगाळतो. कॉर्ड बदलला की पेडल बदला: नवा कॉर्ड वाजताक्षणी पाय उचला आणि लगेच पुन्हा दाबा. कॉर्डच्या आधी उचललात तर भोक पडेल, उशिरा उचललात तर काला होईल.

आणि आता काळी एक

एवढं झालं की पेटीवाला हमखास विचारतो, माझी नेहमीची पट्टी कुठे आहे? काळी एक लिहायची तर सी शार्प मेजर म्हणून सात शार्प लागतील, डी फ्लॅट मेजर म्हणून पाच फ्लॅट. वाजवायचं तेच, वाचायला दुसरं बरं. दिसायला भयंकर, पण हाताला मऊ, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात. पियानोवादक-रचनाकार शोपँ नवशिक्यांना सी-ऐवजी पाच काळ्या पट्ट्यांच्या बी मेजरपासून सुरुवात करायला लावी, ते याचसाठी. चाल अशी येते:

डी♭ एफ ए♭ एफ | जी♭ बी♭ ए♭ – | जी♭ ई♭ सी ई♭ | डी♭ – – –

यात पांढऱ्या पट्ट्या दोनच, एफ आणि सी, म्हणजे शुद्ध ग आणि शुद्ध नि. डावा हात डी♭ एफ ए♭, मग डी♭ जी♭ बी♭, मग सी जी♭ ए♭. पहिल्यांदा उजवा हात एकटा वाजवा, बोटं तीच ठेवून. नि-वर अंगठा आपोआप पांढऱ्या पट्टीवर जातो.